रात्री तीन वाजता तिथं कोण असतं? नर्सिंग होम पारखण्याविषयी

(नागरिक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मग नर्सिंग होमचा दर्जा आणि सुरक्षितता या विषयावर मला का बोलायला सांगितलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. माझं रोजचं काम म्हणजे एखादी यंत्रणा कुठं आणि कशी कोलमडेल हे आधी शोधून ठेवणं. यंत्रणा सुरळीत चालू असताना ती चांगलीच दिसते. रविवारी पहाटे सर्व्हर बंद पडला तर फोन कोण उचलणार, बॅकअप खरोखर चालतो का आणि तो शेवटचा कधी चालवून पाहिला, हे आम्ही विचारतो. त्याच नजरेनं आपल्या आसपासच्या नर्सिंग होमकडे पाहता येतं. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

शब्दाचा गोंधळ आधी दूर करू. इंटरनेटवर इंग्रजीत 'नर्सिंग होम कसं निवडावं' असं शोधलं तर बहुतेक पानं अमेरिकेची निघतात. तिथं नर्सिंग होम म्हणजे वृद्धांची दीर्घकाळ देखभाल करणारी संस्था. महाराष्ट्रात आपण हा शब्द दहा, वीस, तीस खाटांच्या खासगी रुग्णालयासाठी वापरतो. खाली मेडिकल, वर ओपीडी, त्याच्या वर वॉर्ड आणि ओटी. आपल्या वस्तीतली बाळंतपणं, अपेंडिक्स, हर्निया, डेंग्यूची सलाईन हे सगळं तिथंच होतं. त्यामुळे अमेरिकेची यादी आपल्या उपयोगाची नाही. आपली यादी आपल्यालाच करावी लागेल.

आज आपण नर्सिंग होम कसं निवडतो? पहिली पद्धत ओळखीची. डॉक्टर आपला माणूस आहे, चाचांच्या ऑपरेशनला त्यांनी बिल कमी केलं होतं. दुसरी पद्धत मोबाईलवरचे तारे. तिसरी म्हणजे जे जवळ आहे ते. या तिन्ही पद्धती अगदीच टाकाऊ नाहीत. डॉक्टर नीट बोलतात का, पैशाला सरळ आहेत का, हे त्यातून कळतं. पण ओटीमधली कात्री, चिमटे नीट निर्जंतुक होतात का, रात्री वॉर्डात कोण असतं, जिन्यावर काय ठेवलंय, हे तारे देणाऱ्याला दिसलेलंच नसतं. ज्याला चांगला अनुभव आला तो तारे देतो, ज्याचा राग झाला तो एक तारा देतो. आणि ज्याचा जीव गेला तो काहीच लिहीत नाही.

मी रात्रीवर एवढा भर का देतो ते सांगतो. २०२१ हे वर्ष आठवा. ९ जानेवारीला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात आग लागली. दहा बाळं गेली. २३ एप्रिलला पहाटे विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तेरा रुग्णांचा त्याच दिवशी मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर पाचच दिवसांनी, २८ एप्रिलला पहाटे, मुंब्र्यातल्या एका खासगी रुग्णालयात आग लागली आणि चार रुग्ण दगावले. एक सरकारी, दोन खासगी. तिन्ही घटना लोक झोपेत असतानाच्या. मोठे डॉक्टर घरी असतात, मालक घरी असतो, नातेवाईक बाकावर पेंगत असतात. त्या वेळी इमारतीत जे दोन-तीन जण जागे असतात, तेच त्या घडीला रुग्णालय असतं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: रात्री तीन वाजता तिथं कोण असतं?

आता क्रमानं पाहू. सुरुवात भिंतीपासून करू, कारण भिंत वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे. केंद्रानं २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांसाठी वेगळा कायदा केला, पण आपल्या राज्यानं तो स्वीकारला नाही. १९४९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं असतं. त्यावर नाव, पत्ता, खाटांची संख्या आणि मुदत असते. मुदत तीन वर्षांची. आधी तारीख बघा. मग खाटांचा आकडा बघा आणि वॉर्डातून एक फेरी मारा. प्रमाणपत्रावर पंधरा खाटा आणि प्रत्यक्षात पॅसेजमध्ये धरून चोवीस असतील, तर पंधरा रुग्णांच्या हिशेबानं ठेवलेले कर्मचारी चोवीस जणांना बघत आहेत, एवढं तुम्हाला कळलं. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले गेले. तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावणं बंधनकारक आहे. सनद लावली म्हणजे ती पाळली जाते असं नाही. पण जो साधा कागदही लावत नाही, तो न दिसणारे नियम पाळत असेल यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरा कागद आगीचा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला फॉर्म 'बी' म्हणतात. "शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे?" एवढं विचारा. ज्यांच्याकडे असतो ते फाईल काढून दाखवतात.

कागदापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बाहेर पडायची वाट. दुसरा जिना आहे का? त्याचं दार उघडं आहे की कुलूप? कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, आणि तो माणूस रात्री असतो का? जिन्यावर गाद्या, जुन्या खाटा, ऑक्सिजनचे सिलिंडर रचलेत का? स्ट्रेचर त्या वळणावरून वळेल का? चालता येत नाही अशा माणसाला तुम्ही तिथं दाखल करणार आहात, हे डोक्यात ठेवून जिना चढा.

आता माणसांकडे येऊ. याच १९४९ च्या कायद्यात नोंदणी नाकारण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात पात्र नर्सचं योग्य प्रमाण नसणं हे एक आहे, आणि प्रसूतिगृहात पात्र सुईण नसणं हे दुसरं. पांढरा ड्रेस घातलेल्या प्रत्येक मुलीला आपण सिस्टर म्हणतो. त्यातल्या काही प्रशिक्षित असतात, काही हाताखाली शिकलेल्या. त्या मुलींचा यात दोष नाही. तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास राबतात. पण प्रश्न विचारायलाच हवा: रात्रपाळीला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या नर्स किती, आणि त्यांच्याकडे रुग्ण किती?

डॉक्टरांबद्दलही तसंच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रात्री निवासी डॉक्टर म्हणून आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यांना कमी लेखायचं कारण नाही. विचारायचं ते असं: रात्री ज्यांच्या हातात रुग्ण आहे, त्यांना तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण मिळालंय का? तज्ज्ञ डॉक्टर किती मिनिटांत पोहोचतात? भूलतज्ज्ञ बाहेरून येतात का? ऑपरेशननंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबतात का? दारावर आयसीयू असं लिहिलेली खोली असेल तर तिथं चोवीस तास डॉक्टर असतो का? एसी आणि एक मॉनिटर बसवल्यानं खोलीचा आयसीयू होत नाही.

तिसरी गोष्ट, यंत्रं. इथं माझा धंदा उपयोगी पडतो. "जनरेटर आहे का?" हा निरुपयोगी प्रश्न आहे, कारण उत्तर नेहमी 'हो' येतं. "शेवटचा कधी चालवून पाहिला आणि त्यावर काय काय चालतं?" हा प्रश्न उपयोगी आहे. तसंच ऑक्सिजनचं. किती सिलिंडर भरलेले आहेत आणि संपत आले तर बदलायला रात्री कोण असतं?

चौथी गोष्ट स्वच्छतेची. चकाचक फरशी म्हणजे स्वच्छता नव्हे. वॉर्डात दहा मिनिटं शांत बसा आणि सिस्टरच्या हातांकडे बघा. एका रुग्णाला हात लावल्यानंतर दुसऱ्याकडे जाण्याआधी त्या हात धुतात का, किंवा निर्जंतुक द्रव चोळतात का? खाटांच्या जवळपास तो द्रव ठेवलेला आहे का? मग कचऱ्याचे डबे बघा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रंग ठरलेले आहेत. रक्त लागलेल्या पट्ट्या पिवळ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक आणि न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. एकाच काळ्या पिशवीत सगळं कोंबलेलं दिसलं तर ती वापरलेली सुई उद्या कुणाच्या तरी हातात घुसणार आहे. बहुतेक वेळा झाडू मारणाऱ्या मावशीच्या.

पाचवी गोष्ट ऑपरेशनची. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी काढली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी, अशा तीन वेळा सर्वांनी थांबून मोठ्यानं विचारायचं: रुग्ण हाच का, जागा हीच का, ॲलर्जी आहे का, कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजली का. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात नवी दिल्लीतलंही एक होतं, ही यादी वापरून पाहिली. साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही, एक कागद आणि मोठ्यानं विचारायची सवय. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "तुमच्याकडे ऑपरेशनची तपासयादी भरतात का?"

सहावी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. प्रकरण हाताबाहेर गेलं तर काय करणार? छोट्या नर्सिंग होममध्ये सगळ्या सोयी असाव्यात अशी अपेक्षा चुकीची आहे. आपली मर्यादा कुठं संपते हे त्याला माहीत असावं, ही अपेक्षा रास्त आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे, आणि तो थांबला नाही तर बाई तासा-दोन तासांत जाऊ शकते. अशा वेळी रक्त कुठल्या रक्तपेढीतून येणार, किती वेळात येणार, आणायला कोण जाणार? पुढच्या कोणत्या रुग्णालयात नेणार, तिथं फोन कोण करणार, अॅम्ब्युलन्समध्ये सोबत कोण बसणार?

गेल्या वर्षी माझ्या बाजीचं बाळंतपण होतं. सातव्या महिन्यात बाजी, अम्मी आणि मी अशी तीन नर्सिंग होम पाहून आलो, मुद्दाम रात्री दहानंतर. एका ठिकाणी रिसेप्शन हॉटेलसारखं होतं. रक्ताचं विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळं होतं." तोच प्रश्न तीनदा विचारला, तेच उत्तर तीनदा आलं. दुसऱ्या ठिकाणी मागचा जिना खोक्यांनी भरलेला. तिसऱ्या ठिकाणी भिंतींचा रंग उडालेला होता. पण ड्यूटीवरच्या सिस्टरनं बसवून घेतलं आणि सांगितलं की मॅडम दहा मिनिटांवर राहतात, भूलतज्ज्ञ दोन ठरलेले आहेत, एक नाही आले तर दुसरे येतात, रक्तपेढी अमुक ठिकाणी, आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर आम्ही इथं ठेवत नाही, अमुक रुग्णालयात पाठवतो. अम्मी बाहेर पडताना म्हणाली, "जिसको अपनी हद मालूम है, वहीं चलो." बाजीचं बाळंतपण तिथं झालं.

आता एक मुद्दा जो आपल्या घरांत डोकं घालणारा आहे. दर्जा म्हणजे उपचार नीट होणं, आणि नको तो उपचार न होणंसुद्धा. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. तातडी नसेल तर तो वापरा. "दुसरीकडे दाखवून येतो" म्हटल्यावर चिडणारे डॉक्टर असतील, तर तेही एक माहितीच आहे.

आणि सही कोणाची? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. ४४ वर्षांची अविवाहित महिला तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. जिवाला धोका नव्हता. न्यायालयानं सांगितलं की सज्ञान बाईच्या शरीराबद्दलची संमती तिचीच हवी, आईची चालत नाही. आपल्याकडे फॉर्म थेट शौहरच्या किंवा सासऱ्यांच्या हातात दिला जातो, आणि आपणही तो घेतो. ज्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर बाईशी बोलतात, तिला कळेल अशा भाषेत सांगतात आणि तिची सही घेतात, ते जास्त सुरक्षित आहे. आपल्याला कुठली ॲलर्जी आहे, आधीच्या बाळंतपणात काय झालं होतं, हे तिलाच नीट माहीत असतं. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हेही सनदेत आहे. मागताना संकोच करू नका. ती मेहेरबानी नाही.

कागदपत्रांचंही सांगून ठेवतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाईकानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. डिस्चार्ज कार्डावर काय केलं, कोणती औषधं दिली, पुढं काय धोक्याची लक्षणं आहेत, हे वाचता येईल अशा अक्षरात आहे का ते निघण्याआधी पाहा.

कुणी म्हणेल, इतके प्रश्न विचारले तर डॉक्टर आपल्याला दारातच उभं करणार नाहीत. मला उलटं वाटतं. काही अघटित घडलं की आपल्याकडे काय होतं ते सर्वांना माहीत आहे. काचा फुटतात, निवासी डॉक्टरला मारहाण होते, सिस्टर बाथरूममध्ये लपतात. २०१० पासून त्याविरुद्ध वेगळा कायदा आहे, तरी ते थांबलेलं नाही. मार खाणारा बहुधा तोच असतो ज्याच्या हातात काही नव्हतं. मालकानं दुसरा डॉक्टर नेमला नाही, त्याची शिक्षा रात्रपाळीच्या पोराला. आधी शांतपणे प्रश्न विचारणारा समाज डॉक्टरांना जास्त परवडणारा आहे. चांगले डॉक्टर हे जाणतात.

शेवटी कामाचं बोलू. कळा सुरू झाल्यावर, छातीत दुखायला लागल्यावर कुणी जिना पाहायला जात नाही. त्या घडीला निवड नसते, रिक्षावाला नेईल तिथं जायचं असतं. म्हणून ही पाहणी धडधाकट दिवशी आणि मोहल्ल्यानं मिळून करायला हवी. एका घराला जे अवघड जातं ते पाच जणांना एका महिन्यात जमतं. त्यात निम्म्या तरी बहिणी असाव्यात, कारण प्रसूतीच्या वॉर्डात त्याच जाऊ शकतात.

माझी सूचना अशी. पहिल्या आठवड्यात माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि गावाकडे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आपल्या भागातल्या नोंदणीकृत नर्सिंग होमची यादी, खाटा आणि मुदत मागा. अग्निशमन विभागाकडे फॉर्म बी ची स्थिती मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तोवर प्रत्येक नर्सिंग होमला आधी कळवून, वेळ घेऊन, एकदा दिवसा आणि एकदा रात्री भेट द्या. सगळीकडे तेच प्रश्न, त्याच क्रमानं. जे डोळ्यांनी दिसलं आणि जे उत्तर मिळालं तेवढंच लिहा. ऐकीव काही लिहू नका, आणि रुग्णांचे फोटो काढू नका. त्रुटी आढळली तर आधी डॉक्टरांना लेखी कळवा आणि महिनाभर वाट पाहा. सुधारणा झाली तर तीही नोंदवा. नाही झाली तर नोंदणी अधिकाऱ्याकडे तक्रार करा.

आपल्या वस्त्यांत कुणी दवाखान्यात अडकलं की एका संध्याकाळी वर्गणी उभी राहते. लोक खिशातले शेवटचे शंभर रुपये देतात, हे मी लहानपणापासून पाहतो आहे. ही ताकद आपल्याकडे आहे. त्यातली थोडी बिल यायच्या आधी वापरू. बाहेर टेबलावर प्रश्नांच्या यादीच्या प्रती मराठी आणि उर्दूत ठेवल्या आहेत. जाताना एक घ्या, आणि तुमच्या घराजवळच्या नर्सिंग होमचं नाव वहीत लिहून जा. पुढच्या रविवारी कोण कुठं जाणार हे त्यावरूनच ठरवू.